हॅलोवीनची रात्र व उघडीं दारें

प्रत्येक समाजास वर्षांतील एखादा दिवस आपल्या भीतीशीं खेळण्याकरितां, व एखादा दिवस आपल्या मृतांचें स्मरण करण्याकरितां राखून ठेवावा लागतो, असें दिसतें. आपल्याकडे शिमग्यांत मुलें लोकांचीं लांकडें पळवितात, बोंबा मारितात, आणि त्या दिवसापुरतें त्यांस कोणी फारसें रागें भरत नाहीं. भाद्रपदांतील सर्वपित्री अमावास्येस तींच मुलें घरांतील वडील माणसांजवळ मुकाट्यानें बसतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन्ही वृत्तींची गांठ जवळजवळ एकाच रात्रीं पडते. ती रात्र ३१ ऑक्टोबरची, व तिचें नांव हॅलोवीन. माझे वडील एका विमा कंपनीच्या कचेरींत हिशेबाचें काम करीत. त्या कामानिमित्त १९८२ च्या ऑगस्टपासून १९८५ च्या अखेरीपर्यंत आमचें बिऱ्हाड आयोवा संस्थानांतील डे मॉइन या शहरीं होतें. मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों. त्या चार वर्षांतील चार हॅलोवीनांनीं मला जें शिकविलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

हॅलोवीन या शब्दाचा मूळ अर्थ 'सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या' असा आहे. ख्रिस्ती पंचांगाप्रमाणें १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा व २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस होय. या दुसऱ्या दिवशीं वसईस, मुंबईस व गोमंतकांत ख्रिस्ती कुटुंबें दफनभूमींत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलें वाहतात व मेणबत्त्या लावितात, हें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु या रात्रीच्या खेळांचे धागे त्याहूनही मागें, आयर्लंडांत हिवाळ्याच्या आरंभीं होणाऱ्या एका प्राचीन सणापर्यंत जातात. त्या रात्रीं जिवंतांच्या व मृतांच्या जगांमधील पडदा विरळ होतो, अशी तिकडील लोकांची समजूत होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडांत घोर दुष्काळ पडला, तेव्हां लक्षावधि लोक अमेरिकेस गेले व आपल्याबरोबर आपले सणही घेऊन गेले. मायदेशीं ते सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. नव्या देशांत त्यांस मोठा, नारिंगी व कोरण्यास सोपा असा भोपळा आयताच मिळाला. आज भोपळ्यावांचून हॅलोवीनची कल्पनाही करवत नाहीं.

मुलें निरनिराळीं सोंगें घेऊन दारोदार जातात व 'ट्रिक ऑर ट्रीट' असें ओरडतात. 'खाऊ द्या, नाहीं तर खोडी सोसा,' असा त्याचा भावार्थ. पूर्वीं ही धमकी पोकळ नव्हती. कुंपणांचीं फाटकें उचलून नेणें, खिडक्यांच्या कांचांना साबण फांसणें असे उद्योग तरुण पोरें रात्रभर करीत. हा उच्छाद आंवरण्यासाठीं मिनेसोटा संस्थानांतील अनोका या गांवीं १९२० सालीं मुलांची मिरवणूक काढण्याची युक्ति योजिली गेली. डे मॉइन शहरांत तर १९३८ च्या हॅलोवीनला पोलिसांकडे पांचशेंहून अधिक तक्रारी गेल्या. त्यानंतर शहराच्या क्रीडाखात्यानें असें ठरविलें कीं, ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळीं मुलांनीं दारोदार जावें, व गाणें, कविता किंवा एखादी करामत केल्यावांचून त्यांस कोणीं खाऊ देऊं नये. या संध्याकाळीस 'भिकाऱ्यांची रात्र' असें गंमतीचें नांव पडलें. आम्ही तेथें गेलों तोंपर्यंत गाण्याची जागा विनोदानें व कोड्यानें घेतली होती. दारांत उभे राहून घरधन्यास एक तरी कोडें घालावयाचें, तो हंसला म्हणजे खाऊ मिळावयाचा.

आमच्या पहिल्या वर्षीं मात्र कोणी हंसण्याच्या मनःस्थितींत नव्हतें. सप्टेंबरच्या अखेरीस शिकागोच्या आसपास डोकेदुखीवरील गोळ्यांत कोणीं तरी विष कालवून त्या दुकानांत ठेविल्या होत्या, व त्या घेऊन सात माणसें दगावलीं होतीं. तो नराधम कोण, हें कधींच उघडकीस आलें नाहीं. ऑक्टोबरभर वर्तमानपत्रांत तीच बातमी असे, व यंदा मुलांना परक्यांच्या दारीं पाठवूं नये असें जो तो म्हणे. कित्येक गांवांनीं तो कार्यक्रमच बंद ठेविला. माझ्या वडिलांनीं तर निश्चयच केला. "परका मुलूख, परकीं माणसें, आणि त्यांतून हें असें वर्ष! आपल्या मुलानें कोणाच्या दारीं खाऊ मागावयास जाण्याचें कांहीं एक कारण नाहीं," असें ते आईस म्हणाले. मी दुसऱ्या खोलींतून ऐकत होतों.

दोन दिवसांनीं आमचे शेजारी घरीं आले. ते सुतारकाम करून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ होते. दरवर्षीं ते व त्यांची पत्नी आपल्या मोटारखान्यांत भुतांचें घर मांडीत, व आळींतील सगळीं मुलें तें पाहावयास जात. वडिलांच्या मनांतील भय त्यांनीं न सांगतां ओळखलें असावें. ते म्हणाले, "आपण उद्यां दिवसाउजेडीं आमच्याकडे या. रात्रीं जें दिसणार आहे, तें सर्व आधीं आपण स्वतः हाताळून पाहा. मग मुलास पाठवावें कीं नाहीं, तें आपण ठरवा."

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघेंही गेलों. पुठ्ठ्याचीं थडगीं करड्या रंगानें रंगवून ओळीनें लाविलीं होतीं. एका झांकलेल्या पेटींत हात घातला कीं हातास डोळे लागत. ते सोललेलीं द्राक्षें होतीं. दुसरींत उकडून गार केलेल्या शेवया होत्या, त्या आंतड्यांसारख्या लागत. पाण्यांत घन कर्बवायूचा खडा टाकला कीं जमिनीलगत पांढरें धुकें पसरे. परंतु सर्वांत नवल होतें तें हवेंत उभ्या राहणाऱ्या भुताचें. म्हाताऱ्यांनीं मला कांचेचें एक मोठें तावदान दाखविलें. तें तिरपें, पंचेचाळीस अंशांत उभें केलेलें होतें. त्याच्या मागें अंधार. बाजूस आडोशाला एक माणूस लपून बसणार. त्या माणसावर प्रकाश टाकला कीं त्याचें प्रतिबिंब कांचेंत उमटतें. पण कांच दिसत नसल्यामुळें तो अंधारांत अधांतरीं उभा आहे असें वाटतें. दिवा मंद केला कीं भूत नाहींसें होतें. लंडन येथील पेपर नांवाच्या एका शास्त्रज्ञानें १८६२ सालीं हा चमत्कार रंगभूमीवर प्रथम लोकप्रिय केला. भौतिकशास्त्राचा तो पाठ मी पुढें शाळेंत शिकलों, तेव्हां मला तो निराळा पाठ करावा लागला नाहीं.

परत येतांना आई वडिलांस म्हणाली, "अहो, मामंजी पुण्यांत माधुकरी मागून शिकले, असें आपणच सांगतां ना? तीं दारें तरी त्यांच्या ओळखीचीं कुठें होतीं?" वडील कांहीं बोलले नाहींत. घरीं आल्यावर त्यांनीं आपलें एक जुनें धोतर काढून आईपुढें ठेविलें. माझ्या सोंगाचा प्रश्न सुटला! डोळ्यांसाठीं धोतरास भोंकें पाडण्यास मात्र आईनें साफ नकार दिला. तेव्हां थंडीच्या जाड कोटावरून तें धोतर गुंडाळून व तोंडास तांदळाचें पीठ फांसून मी भूत झालों.

आतां राहिलें कोडें. माझें इंग्रजी तेव्हां फारच तोकडें होतें; वर्गांत मी सहसा तोंड उघडीत नसें. वडिलांनीं मला नारळाचें कोडें चार सोप्या वाक्यांत बसवून दिलें : मला तीन डोळे आहेत पण दिसत नाहीं, दाढी आहे पण मी म्हातारा नाहीं, पोटांत पाणी आहे, आणि डोकें फोडल्यावांचून तें मिळत नाहीं, तर मी कोण? डे मॉइन शहर समुद्रापासून शेंकडों कोस दूर, चोहोंकडे मक्याचीं शेतें. तेथें त्या रात्रीं नारळ कोणास सुचणार? कोणी म्हणे राक्षस, कोणी म्हणे समंध, कोणी हरल्याचें कबूल करी. मी 'नारळ' म्हटलें कीं दारांतील माणसें मोठ्यानें हंसत, व आंतून घरांतील इतरांस बोलावून तेंच कोडें पुन्हां म्हणावयास लावीत. पहिल्या दारीं माझा आवाज निघत नव्हता. विसाव्या दारीं मीच म्हाताऱ्यास, "घाई करूं नका, विचार करा," असें सांगूं लागलों होतों. वडील हातांत विजेरी घेऊन प्रत्येक फाटकापाशीं उभे असत. पुढें पुढें दारांतील माणसें त्यांनाही हांक मारूं लागलीं, व त्या दोन तासांत त्यांची जितक्या शेजाऱ्यांशीं ओळख झाली, तितकी मागील दोन महिन्यांत झाली नव्हती.

घरीं आल्यावर त्यांनीं सारा खाऊ दिव्याखालीं पसरून, प्रत्येक वेष्टन उलटून पालटून पाहिलें. त्या वर्षीं घरोघर आईबापें तेंच करीत होतीं, व त्यांत कांहीं वावगें नव्हतें. पुढें जोएल बेस्ट नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें अनेक वर्षांच्या अशा वार्तांची छाननी केली. हॅलोवीनच्या रात्रीं अनोळखी माणसानें सरसकट वांटलेल्या विषारी खाऊनें मूल दगावल्याचें एकही सिद्ध उदाहरण त्यांस सांपडलें नाहीं. सावधगिरी असावी हें खरें; पण भय वाऱ्यासारखें पसरतें, आणि त्याचा पुरावा कोणी मागत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

दुसऱ्या वर्षीं शाळेंत आम्हांस खाऊच्या पिशवीबरोबर नाणीं जमविण्याची लहानशी पेटी मिळाली. १९५० सालीं फिलाडेल्फियाकडील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या कुटुंबानें परदेशांतील गरजू मुलांसाठीं दारोदार नाणीं गोळा करून युनिसेफ या संस्थेस पाठविलीं, तेव्हांपासून ही चाल पडली. त्या वर्षापासून मी म्हाताऱ्यांच्या मोटारखान्यांतही मदतीस जाऊं लागलों. थडगीं रंगविणें माझ्याकडे असे. त्यांची पत्नी जुन्या चादरी कापून भुतांचे झगे शिवीत असे, व आम्हांस गरम कोको देत असे.

१९८४ च्या ऑगस्टमध्यें त्या बाई वारल्या. आळींतील सर्वांनीं धरून ठेविलें कीं यंदा तें घर अंधारांत राहणार. ज्या घरांत खरा मृत्यु येऊन गेला, तेथें पुठ्ठ्याचीं थडगीं कोण मांडील? आई तर मला म्हणाली, "त्यांच्यापुढें या सणाचा विषयही काढूं नकोस." पण ऑक्टोबरच्या मध्यावर म्हातारे स्वतःच आमच्या दारीं आले. त्यांच्या हातांत एक पेटी होती. ते म्हणाले, "उन्हाळ्यांतच तिनें यंदाचे झगे शिवून ठेविले होते. मला ते आज सांपडले. मुलें येतील का?"

आम्ही सात-आठ मुलें दररोज शाळा सुटल्यावर जाऊं लागलों. आई लाडू करून देई, ते म्हातारे आवडीनें खात. थडगीं लावण्याची वेळ आली तेव्हां आम्ही सर्वच घुटमळलों. म्हाताऱ्यांनीं तीं एकेक करून बाजूस ठेविलीं व म्हणाले, "हीं यंदा राहूं द्या." एवढेंच. बाकी सर्व नेहमीप्रमाणें झालें. कांचेंतील भुताचें काम त्या वर्षीं माझ्याकडे होतें. आडोशाला बसून मी मुलांच्या किंकाळ्या ऐकत होतों, आणि दाराशीं उभे राहून ते म्हातारे मनापासून हंसत होते, तेंही ऐकत होतों. दोन दिवसांनीं, नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळीं, ते फुलें घेऊन दफनभूमीकडे निघाले. वडील त्यांच्याबरोबर गेले. दोन वर्षांपूर्वीं 'परका' म्हटलेल्या माणसाचा हात धरून ते चालले होते.

मृत्यूची थट्टा करावी काय, असा प्रश्न मला पुष्कळांनीं विचारला आहे. माझ्या अनुभवानें सांगावयाचें, तर त्या रात्रीं थट्टा होते ती आपल्याच भयाची. कांचेमागील युक्ति एकदां कळली कीं भूत पाहण्याची मौज राहते व धास्ती जाते. पुठ्ठ्याचें थडगें कोठें मांडावें व कोठें मांडूं नये, हें मात्र प्रेमानेंच कळतें. त्याचा नियम कोठें लिहिलेला नाहीं. आपल्याकडे आश्विनांत मुली भोंडल्यासाठीं घरोघर जातात व झांकलेली खिरापत ओळखतात, दिवाळींत मुलें मातीचे किल्ले करितात, त्यांतही हेंच आहे. मुलांनीं कांहीं तरी रचावें, शेजाऱ्यांनीं तें कौतुकानें पाहावें, आणि त्या निमित्तानें वर्षांतून एकदां तरी सर्वांचीं दारें उघडावीं.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, पुढील दिवाळींत किल्ला कराल, तेव्हां आपल्या आळींतील एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना किंवा आजींना तो पाहावयास अवश्य बोलवा, व त्यांच्या हातून त्यावर एखादा मावळा ठेववा. आणि आईबापांनो, मुलें असें बोलवावयास निघालीं, तर हातांत दिवा घेऊन फाटकापर्यंत आपणही त्यांच्याबरोबर जा.