फुफाट्यातला आलू गॅसवर

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी सात वाजता ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. आषाढ पौर्णिमेला सुरू होते ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी वाचनानंतर मी थेरीगाथेवर बोललो. त्यात मुत्ता नावाची थेरी आहे. उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा या तिन्हींतून आपण सुटलो, याचा आनंद ती सांगते. बाया हसल्या, पुरुष जरा कमी हसले. पण बोलता बोलताच माझ्या लक्षात आले, पुढे सगळे पुरुष बसलेले. माता-भगिनी साडेसातनंतर एकेक करून येत होत्या, ओल्या सरपणाच्या धुराने डोळे लाल झालेले. माझी पत्नी आली तेव्हा माझे भाषण संपत आले होते.

रात्री जेवायला वाढताना ती म्हणाली, “बोलले तं चांगलं. पण उखळ-मुसळ गिरणीनं नेलं. चूल आन् नवरा हाय तसाच हाय.”

यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी मी जाहीर केले, वर्षावास संपेपर्यंत रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. बोललो खरा, पण मला येत काय होते? भात आणि भाजलेले आलू. आमच्याकडे बटाट्याला आलूच म्हणतात. रोवणीच्या दिवसांत आई चिखलात दिवसभर वाकून घरी यायची. भात उतरला की चुलीतल्या फुफाट्यात चार-पाच आलू पुरायची आणि उलटवायचे काम मला द्यायची. मीठ, कांदा, केशोरीच्या लाल मिरचीचा ठेचा आणि वरून जवसाचे तेल. त्या जेवणाला आम्ही गरिबीचे जेवण म्हणत नव्हतो.

आता आईला दमा आहे. डॉक्टरांनी धुराजवळ बसू नका म्हणून बजावले आहे, त्यामुळे घरातली चूल बंद आणि सगळा स्वयंपाक गॅसवर. पहिल्या रात्री मी पापडाची जाळी थेट बर्नरवर ठेवली, वर आलू ठेवले आणि आच मोठी केली. दहा मिनिटांत साल कोळसा झाली आणि आत सुरी घातली तर कच्चा कडकपणा. एक आलू तर फटकन फुटला. आलूत पाऊण भागाहून जास्त पाणीच असते. वाफेला वाट मिळाली नाही तर ती अशी वाट काढते.

फुफाट्याची गंमत मला तेव्हा कळली. राख आलूला चहूबाजूंनी धरून बसते आणि ऊब हळूहळू आत पोचवते. गॅसची आच मात्र खालून एकाच जागी लागते. मुलगी म्हणाली, “बाबा, परदेशात गॅसच्या जाळीवर झाकण लावून भाजतात. आलू एका बाजूला अन् आच दुसऱ्या बाजूला.” आमच्या शेगडीवर बाजू कुठून आणायची? म्हणून मी जाड लोखंडी तवा बर्नरवर ठेवला, तव्यावर जाळीची बुटकी घडवंची आणि तिच्यावर मध्यम आकाराचे आलू. साल काढायची नाही. धुऊन, कोरडे पुसून, काट्याने सात-आठ ठिकाणी टोचायचे आणि तेलाचा हात लावायचा. वरून जुनी लोखंडी कढई पालथी. कढई तव्यावरच टेकली पाहिजे. बर्नर झाकला तर आच घुसमटते आणि विषारी वायू होतो. खिडकी उघडी हवी, रबरी नळीही आचेपासून दूर. बारीक आचेवर पाऊण तास लागतो, दर दहा मिनिटांनी उलटवायचे. सुरी लोण्यात गेल्यासारखी गेली की झाले. हिरवट पडलेला किंवा कोंब फुटलेला आलू घ्यायचाच नाही.

पाऊण तास गॅस जळतो, हे मला खटकतेच. म्हणून एकदोन कधी भाजत नाही, एकाच वेळी सात-आठ भाजतो. कुकरमध्ये अर्धे उकडून मग भाजले तर गॅस वाचतो, पण आईचे मत निराळे. “हा उकडलेला आलू हाय, भाजल्याचं सोंग घेतलेला.”

आमच्या वस्तीतल्या बऱ्याच घरी २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅस आला. २०२३ मध्ये त्या सिलिंडरवरचे अनुदान ३०० रुपये झाले. तरी सिलिंडर संपला की पुढच्या मजुरीपर्यंत चूलच पेटते. मग बायांनी मोळीसाठी जंगलात जायचे. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलात वाघ आहे हे त्यांना माहीत नाही असे नाही. सरपण नसेल तर भात कशावर शिजवायचा? माझा पाऊण तासाचा आलू अशा घरात सांगायलाही मला संकोच वाटतो. तिथे मी एवढेच म्हणतो, वाचनाच्या वेळी चुलीपुढे घरातला पुरुष बसू दे. दोघेजण बसू लागले आहेत. एकाने भात करपवला, त्याची चर्चा आठ दिवस चालली.

त्या दिवसांत माझे वाचन चुकले. आठ वाजता पत्नी विहारातून यायची आणि त्या दिवशी काय वाचले ते आलू सोलता सोलता आईला आणि मला सांगायची. एकदा माझ्या सांगण्यातली चूकही तिने काढली.

यंदा विहारात पहिल्या आठवड्याचे वाचन तिच्याकडे आले आहे. उच्चार नीट व्हावेत म्हणून ती सध्या रोज रात्री मोठ्याने वाचते. मी स्वयंपाकघरातून ऐकतो आणि मधूनमधून कढई उचलून बघतो.