पैसे खात्यात जमा होईपर्यंत : नव्या समुपदेशक मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम यांस,

दहावी-बारावीनंतरच्या शिष्यवृत्त्या हुकतात त्या बहुधा कागदपत्रांपायी. गुण कमी पडले म्हणून हुकणाऱ्या त्या मानाने थोड्या. पात्र मुलाचे नाव यादीत येत नाही, कारण उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा असतो, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा अर्ज सुरू झाल्याचे कळते तेव्हा मुदत संपलेली असते. शाळेतल्या समुपदेशकाची खरी गरज इथे लागते. महाराष्ट्रातल्या पुष्कळ अनुदानित शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत या कामासाठी वेगळा माणूस नसतो. एखाद्या शिक्षिकेकडे तासिका सांभाळून ही जबाबदारी येते आणि अर्जांचे ओझे कार्यालयातल्या लिपिकावर पडते. हे दोघे एकमेकांशी बोलत असतील, तर निम्मे काम तिथेच मार्गी लागते.

या कामाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकरांशी त्यांची ओळख झाली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्यानंतर त्यांनी जे केले ते तितकेच मोलाचे होते. घरची ऐपत संपून शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे या विद्यार्थ्यासाठी शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बळावर भीमराव बी.ए. झाले, आणि 1913 मध्ये बडोदे संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसा कुठे आहे हे शिक्षकाला ठाऊक होते, आणि आपला विद्यार्थी त्याला लायक आहे हे देणाऱ्याला पटवून देण्याची तळमळ त्यांच्यापाशी होती. आज संस्थानिकाच्या जागी पोर्टल आले आहे. शब्द टाकणाऱ्या माणसाची गरज मात्र तेवढीच आहे.

महाविद्यालयाच्या खर्चाचा विचार आठवीत सुरू व्हायला हवा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे शाळांच्या भाषेत एनएमएमएस, या परीक्षेला आठवीतले विद्यार्थी बसतात. ती राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात, प्रत्येकी 90 प्रश्नांच्या. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतली, साडेतीन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेली मुले तिला पात्र ठरतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. परीक्षा उत्तीर्ण होऊनही निवड यादीत न आलेल्या मराठा-कुणबी गटातल्या विद्यार्थ्यांना सारथी संस्था वर्षाला 9,600 रुपये देते. पुष्कळ पालकांना हे माहीत नसते, त्यामुळे ‘यादीत नाव नाही’ असे कळताच ते विषय सोडून देतात. रकमा लहान आहेत. पण या परीक्षेमुळे घरात एकदा दाखले काढले जातात, मुलाच्या नावाचे खाते उघडले जाते आणि पुढच्या अर्जांची भीती मोडते.

दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे आठवडे समुपदेशकाने वाया जाऊ देऊ नयेत. तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात गर्दी उसळते ती निकालानंतर. त्याआधी प्रत्येक मुलाचे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर मुलीचे नाव वैष्णवी, आधार कार्डावर वैशनवी, पासबुकात वडिलांचे नाव गाळून नुसते आडनाव, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारखेत एका अंकाचा फरक, अशी उदाहरणे दर वर्गात निघतात. संगणकाच्या दृष्टीने ही तीन-चार वेगळी माणसे असतात. दुरुस्ती कुठल्या कागदात करायची हे ठरवताना दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण धरावे आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि एका वर्षाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, हे पालकांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

बँक खात्याची गोष्ट सर्वांत जास्त नडते. सरकारी शिष्यवृत्तीचा पैसा अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातो अशी पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो मुलाच्या आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जातो. कुणाचे ते खाते पाचवीत उघडून नंतर बंद पडलेले असते, कुणाचे मोबाइलचे सिम घेताना दुकानात नकळत उघडले गेलेले असते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दोन मिनिटांत दिसते. ती शाळेतच मुलाकडून पाहून घ्यावी, आणि चूक असेल तर त्याला बँकेत पाठवावे.

आरक्षित प्रवर्गातल्या, विशेषतः अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा वैद्यकीय शाखेकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांना जात वैधता प्रमाणपत्र लागते. हा कागद हाती यायला महिने लागतात. अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली कागद शोधावे लागतात, आणि ते गावोगाव फिरून मिळवायचे असतात. बारावीच्या निकालानंतर जागे होणाऱ्या कुटुंबाला हे साधत नाही. ही सूचना अकरावीच्या पहिल्याच महिन्यात गेली पाहिजे.

बारावीनंतरच्या राज्य सरकारच्या बहुतेक योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यातला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातले शुल्क त्याने महाविद्यालयात भरायचे असते. घरात पेरणी किंवा दवाखाना निघाला की ही रक्कम खर्च होऊन जाते आणि मुलगा थकबाकीदार ठरतो. हा पैसा कशासाठी आला आहे, हे पालकांना आधीच बसवून सांगणे हाही समुपदेशनाचा भाग आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचा खर्च मिळतो. खुल्या गटातल्या आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्या जोडीला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ‘मुलींना सगळे फुकट’ असा त्याचा अर्थ गावात पोहोचतो. वसतिगृह, खानावळ, प्रवास, पुस्तके यांचा खर्च शिल्लकच असतो, आणि तो न झेपल्याने मुली परत येतात.

प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा, ही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सवलतींची कळीची अट आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला त्या लागू होत नाहीत. पर्याय भरण्याच्या दिवशी हे कुणी सांगितले नाही, तर चार वर्षांचे शुल्क कुटुंबाच्या डोक्यावर बसते. हे सांगायला उशीर झाला की पुढचे कोणतेही मार्गदर्शन निरुपयोगी ठरते.

केंद्राच्या बहुतेक योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मिळतात. बारावीला आपल्या मंडळात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या काळात वर्षाला 12,000 रुपये मिळू शकतात. तांत्रिक शिक्षण परिषदेची ‘प्रगती’ मुलींना आणि ‘सक्षम’ दिव्यांग विद्यार्थ्यांना वर्षाला 50,000 रुपये देते. मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या, मंडळात वरच्या एक टक्क्यात असलेल्या मुलांसाठी ‘इन्स्पायर’ची 80,000 रुपयांची वार्षिक शिष्यवृत्ती आहे. शुद्ध विज्ञान घेऊन पोट भरेल का, या पालकांच्या शंकेला हे एक ठोस उत्तर आहे.

खासगी न्यासांची रीत वेगळी. लीला पूनावाला फाउंडेशन पुणे, अमरावती, वर्धा, नागपूर या भागांतल्या मुलींना मदत करते. रिलायन्स फाउंडेशन पदवीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांची अभियोग्यता चाचणी घेऊन पूर्ण अभ्यासक्रमासाठी दोन लाखांपर्यंत देते. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींना राहण्या-जेवण्याची सोय देते, आणि पुण्यातले खोलीभाडे पाहता ती रोख रकमेपेक्षा कमी नाही. अशा ठिकाणी निबंध, शिक्षकांचे पत्र आणि मुलाखत यांना वजन असते. मुले निबंधात ‘मी गरीब कुटुंबातून आलो असून मला देशसेवा करायची आहे’ असे लिहितात. असे लिहिणाऱ्या एखाद्या मुलीला चार प्रश्न विचारले तर कळते, की आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की मार्चपर्यंत धाकट्या दोन भावंडांचे जेवणखाण आणि शाळा तीच सांभाळते आणि अभ्यासाला पहाटे चारला उठते. हे चार ओळींत लिहिले की निवड समितीपुढे माणूस उभा राहतो. समुपदेशकाने प्रश्न विचारावेत, लेखन मुलीनेच करावे. दुसऱ्याने लिहिलेला निबंध मुलाखतीत पाच मिनिटांत उघडा पडतो. शिक्षकांच्या शिफारसपत्राचेही तसेच. ‘हुशार, आज्ञाधारक व शिस्तप्रिय’ एवढ्याने काही कळत नाही. विद्यार्थ्याने केलेली एखादी विशिष्ट गोष्ट लिहावी. शिष्यवृत्ती देण्याआधीच ‘प्रक्रिया शुल्क’ मागणाऱ्यांपासून मुलांना सावध करावे; खऱ्या योजनेत असे पैसे मागत नाहीत.

अर्ज भरला म्हणजे काम संपले, हा गैरसमज महागात पडतो. महाडीबीटीवरचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या आणि मग विभागाच्या पातळीवर तपासला जातो. त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याच्या लॉगिनवर परत येतो आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त झाला नाही तर बाद होतो. सूचना ज्या मोबाइलवर येते तो बहुधा वडिलांचा असतो, आणि वडील शेतात असतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिले की पुढचे हप्ते थांबतात. म्हणून बारावी होऊन गेलेल्या मुलांची यादी समुपदेशकाने ठेवावी, त्यांचा एक व्हॉट्सॲप गट करावा आणि ऑगस्ट ते डिसेंबर दर पंधरवड्याला ‘अर्ज कुठवर आला?’ एवढे विचारावे. शाळेच्या दप्तरी ती मुले राहिलेली नसतात, त्यामुळे हे काम कुणाच्याच कामांच्या यादीत नसते. तरीही शाळेत त्यांना नावाने ओळखणारा माणूस असतो, आणि नव्या महाविद्यालयात बऱ्याचदा कुणीच नसते.

बारावीच्या वर्गाचे आधार-बँक जोडणीचे काम येत्या सुट्टीआधी उरकून घ्यावे, आणि अकरावीतल्या ज्या मुलांची जात पडताळणी बाकी आहे त्यांच्या पालकांना याच महिन्यात बोलावून घ्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला स्नेहांकित