हजेरीपटावर नाव नाही

मराठीत 'नाही' आणि 'दिसत नाही' यांत केवढं अंतर आहे! चष्मा दिसत नाही म्हणून कुणी नवीन करायला टाकत नाही, आधी कपाळावर हात फिरवून बघतो. वर्गात मुलगा दिसला नाही की आम्ही 'गैरहजर' लिहायचो. तो जगात नाही असं कुणी लिहीत नसे. संगणकाच्या बाबतीत मात्र भलीभली माणसं हे विसरतात. पडद्यावर एखादी गोष्ट आली नाही की "गेली!" म्हणून मोकळी होतात. गेल्या महिन्यात हा 'गेली' शब्द मी दोन दिवसांत चार जणांकडून ऐकला. म्हणून हे लिहिते आहे. वाचकांत माझ्या वयाची मंडळी बरीच आहेत, आणि त्यांच्या घरी कपाटात अशी एखादी काळी डबी असणारच.

आमच्या शाळेत दर वर्षी हस्तलिखित निघायचं. मुलामुलींनी लिहायचं, अक्षर चांगलं असलेल्यांनी आखीव कागदावर उतरवायचं, चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठ करायचं आणि गावातल्या बाइंडरने शिवून द्यायचं. प्रत एकच! माझ्या नोकरीच्या काळात अशी एकतीस हस्तलिखितं झाली. निवृत्तीनंतर २०११-१२ मध्ये मी ती सगळी घरी आणून पानं स्कॅन केली. सुमारे चोवीसशे पानं. रोज दुपारी चहा होईपर्यंत चाळीस, असा हिशेब होता. मग हस्तलिखितं शाळेच्या कपाटात परत नेऊन ठेवली. शाळा सांगली जिल्ह्यात, नदीकाठी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते कपाट पाण्यात उभं होतं. पाणी ओसरल्यावर आत कागदाचा लगदा निघाला. शाईची अक्षरं कृष्णेला मिळाली.

म्हणजे आता जे काही उरलं ते त्या काळ्या डबीत, एक टेराबाइटच्या हार्डडिस्कमध्ये. दोन डीव्हीडींवरही तेव्हाच उतरवून ठेवलं होतं. पण आताच्या लॅपटॉपला डीव्हीडीचं तोंडच नाही.

तर झालं असं, की एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "बाई, माझी आई तुमच्या वर्गात होती. १९८८ साली, नववीत. तिनं हस्तलिखितात काहीतरी लिहिलं होतं असं ती सांगायची. ते असेल का हो तुमच्याकडे?" आई हल्लीच गेली होती. मुलीकडे आईच्या हातचं लिहिलेलं म्हणजे किराणाच्या दोन याद्या, एवढंच.

मला ती मुलगी लख्ख आठवली. नववीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. दहावीचा वर्ग तिनं पाहिला नाही. पण तिचा निबंध विसरण्यासारखा नव्हता. घरापासून विहिरीपर्यंतची पावलं तिनं मोजली होती. रिकामी कळशी घेऊन जाताना पावलं कमी आणि भरलेली घेऊन येताना जास्त. वाट तर तेवढीच, मग असं का, असा तिचा प्रश्न होता. मुलीला म्हटलं, "आहे. उद्या पाठवते."

आणि उद्या हार्डडिस्क जोडली, तर पडद्यावर काहीच नाही. आदल्या रात्री लॅपटॉपने मोठं अपडेट करून घेतलं होतं. निळ्या पडद्यावर टक्के मोजत बसला होता तासभर. डबीवरचा दिवा लागत होता, कानाजवळ धरली तर आत काहीतरी फिरत होतं, पण यादीत नाव नाही.

पहिला 'गेली' शेजारच्या काकांचा. दुसरा माझ्या धाकट्या जावेचा, फोनवर. तिसरा बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याचा. त्यानं डिस्क माझ्याच लॅपटॉपला लावली, दोनदा काढघाल केली आणि म्हणाला, "गेली बाई ही. आतलं काही हवंय का? नसेल तर फॉरमॅट मारून बघतो, चालू होईलसुद्धा." मुलगा सालस होता, मदतीच्या भावनेनेच बोलत होता. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं, एवढं मला ठाऊक आहे. पाटीवर काय आहे ते वाचल्याशिवाय पुसायची नाही, हे पहिलीच्या मुलालाही शिकवावं लागतं. "आतलंच हवंय रे बाबा," म्हणून डबी पिशवीत घातली आणि घरी आले. चौथा 'गेली' रिक्षावाल्याचा, पण त्याला मी विचारलं नव्हतं.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी सांग, दिवा लागतो? आवाज कसा येतो? टकटक येतो का?" टकटक नव्हती, एकसारखी घरघर होती. "मग घाबरू नकोस. टकटक आली असती तर लगेच बंद करून तज्ज्ञाकडे न्यायला सांगितलं असतं. आता एकच कर, ही डिस्क दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला लावून बघ. तुझ्याच वायरने."

हे मला फार आवडलं. मुलाला गणित येत नाही की फळ्यावरचं दिसत नाही, हे ठरवायला आम्ही काय करायचो? त्याची जागा बदलायचो. पुढच्या बाकावर बसवला की उत्तर सापडायचं.

वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा राहतो. त्याच्या लॅपटॉपला डिस्क लावली मात्र, टुणकन सगळे फोल्डर समोर! १९७८ पासून २००९ पर्यंत रांगेत उभे, प्रार्थनेला उभे राहावेत तसे. मी खुर्चीत बसलेच. आधी काय केलं असेल, तर सगळा फोल्डर त्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. सात जीबी भरला. दुरुस्ती नंतर, प्रत आधी. मग ते एक पान शोधून त्या मुलीला पाठवलं.

आता कोडं उरलं ते माझ्या लॅपटॉपचं. डिस्क धडधाकट, वायर धडधाकट, मग हा ओळख का देत नाही? भाच्याने फोनवरूनच 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची खिडकी उघडायला लावली. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी दिली की जी यादी येते, तिच्यात ती असते. तिथे बघते तर काय, माझी डिस्क खालच्या ओळीत गुपचूप बसलेली! ९३१ जीबी, प्रकृती 'हेल्दी'. (हजारातले बाकीचे कुठे गेले म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या पटीत. आपल्याकडे कच्चा मण आणि पक्का मण असायचा, त्यातलाच प्रकार.) फक्त तिच्या नावापुढे अक्षर नव्हतं.

ही अक्षरांची भानगड अशी. संगणक प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देतो. ए आणि बी पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली असत, म्हणून मुख्य डिस्क आजही सी पासून सुरू होते. फ्लॉपी गेली, तिची जागा मात्र मागे राहिली. बाहेरून जोडलेल्या डिस्कला पुढचं एखादं अक्षर मिळतं. वर्गातला हजेरी क्रमांकच म्हणा ना. अपडेट म्हणजे जूनमधलं नवं हजेरीपत्रक. क्रमांक नव्याने पडतात, आणि एखादा मुलगा बाकावर बसलेला असूनही त्याचं नाव पटावर उतरायचं राहून जातं. शिक्षक नावं वाचतात, तो 'हजर' म्हणत नाही, कारण त्याला कुणी हाकच मारलेली नाही! त्याला शाळेतून काढायचं नसतं, पटावर नाव घालायचं असतं. उजवी टिचकी, 'चेंज ड्राइव्ह लेटर', मग 'ॲड', एक मोकळं अक्षर निवडलं, ओके. दोन मिनिटांचं काम. डिस्क दिसायला लागली.

हा गोंधळ जगाला नवा नाही. एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपण होऊन जाहीर केलं होतं, की ज्या संगणकाला यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड जोडलेलं असेल त्याला विंडोज १० चं मे २०१९ चं अपडेट मिळणार नाही, कारण अक्षरांची अदलाबदल होऊ शकते. जी अक्षराचा पेनड्राइव्ह अपडेटनंतर एच होईल, असं उदाहरणही दिलं होतं. उपाय साधा, डबी काढा आणि मग अपडेट करा. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये काही लोकांच्या फायली पुसल्या गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने ते वाटप काही दिवसांत थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केलं. म्हणजे अपडेट नकोच असं मी म्हणत नाही. सुरक्षेसाठी ते हवंच. पण पाहुण्यांना आधी निरोप द्यावा आणि मग घर रंगवायला काढावं!

भाच्याकडून टिपून घेतलेलं थोडं आणखी सांगते, कारण प्रत्येकाचं दुखणं माझ्यासारखंच असेल असं नाही.

दिवाच लागत नसेल तर आधी वायर बदला, मग छिद्र बदला. लहान डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते. जुन्या यूएसबी २.० च्या छिद्रातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. त्यात मध्ये चार तोंडांचा हब लावला असेल तर सगळ्यांचं पोट भरत नाही. हब काढून थेट जोडा. मोठ्या आकाराच्या डिस्कला स्वतःचा वेगळा ॲडाप्टर लागतो, तो भिंतीत लावला आहे ना, ते बघा. हसू नका.

दिवा लागतो पण डिस्क मॅनेजमेंटमध्येही काही नसेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळा त्रिकोण शोधा. तिथे ते उपकरण 'अनइन्स्टॉल' करून संगणक बंद-चालू केला की तो त्याची ओळख नव्याने करून घेतो. याने डिस्कमधलं काही पुसलं जात नाही, पुसली जाते ती फक्त ओळख. 'ऑफलाइन' लिहिलं असेल तर उजवी टिचकी देऊन 'ऑनलाइन' करा. मॅक वापरणाऱ्यांनी 'डिस्क युटिलिटी'त बघावं. २०२२ पासूनच्या व्हेंचुरामध्ये नवीन लॅपटॉप यूएसबी उपकरण जोडल्यावर आधी परवानगी विचारतो, ती खिडकी नजरेआड झाली असेल.

आणि 'फॉरमॅट करू का?' किंवा 'इनिशियलाइझ करू का?' असं संगणकाने विचारलं, तर उत्तर 'नाही'. कितीही नम्रपणे विचारलं तरी 'नाही'. आतलं दुसरीकडे सुखरूप पोचल्याखेरीज हो म्हणू नये.

दोन दिवसांनी भाचा डीव्हीडी वाचणारं एक छोटं यंत्र घेऊन आला. एक डीव्हीडी नीट उघडली. दुसरी नुसती फिरत राहिली. चौदा वर्षांत तिनं डोळे मिटले होते. म्हणून आता तीन प्रती केल्या आहेत. एक माझ्याकडे, एक पुण्याला भाच्याकडे आणि एक इंटरनेटवर. नात्यातल्या ज्यांना घरचे जुने फोटो हवे आहेत त्यांनी कळवावं, त्याच खेपेत तेही देते. तुमच्याकडेही एक प्रत असली तर मला हवीच आहे.

त्या मुलीचा उलट निरोप आला. तिनं आईचं पान छापून घेतलं आणि सुट्टीत गावी जाऊन ती विहीर शोधली. विहीर बुजली आहे, आता घरोघर नळ आहेत. पण वाट आहे. ती रिकाम्या हाताने चालली, पावलं मोजली, आणि आईच्या आकड्यापेक्षा नऊ कमी भरली. "बाई, माझी उंची जास्त म्हणून की कळशी नव्हती म्हणून?" असं तिनं विचारलंय.

अजून उत्तर लिहायचं आहे. तुम्हाला काय वाटतं?