एकटी पाटली

पाटली हा दागिना एकेकटा असत नाही. सराफ वजन सांगतो ते जोडीचे, आणि बाई पुढे करते ते दोन्ही हात. वाराणसीतील ब्रह्माघाटावरच्या एका जुन्या मराठी घरात मात्र 60 वर्षे एकच पाटली नांदत होती, आणि तिचे एकटेपण हीच तिची प्रतिष्ठा झाली होती. 1938 साली वाईहून लग्न होऊन आलेल्या आजीच्या हातांत त्या दोन होत्या. 1962 साली चीनशी युद्ध झाले, देशभरातील स्त्रियांनी अंगावरचे सोने राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले, तेव्हा आजीनेही डाव्या हातातील पाटली उतरवून दिली. उजवी तेवढी राहिली. घरातील प्रत्येक मूल ही कथा ऐकतच मोठे झाले. पाटलीचा रंग किंचित तांबूस होता. जुने सोने असेच असते, असे आई म्हणे, आणि हल्लीच्या पिवळ्याधमक बांगड्यांकडे थोड्या तुच्छतेने पाही.

आई गेल्यावर तिची पेटी उघडली गेली. थोरल्या मुलीने, म्हणजे काशीतच राहून शाळेत शिकवणाऱ्या तिने, यादी केली: सुटलेल्या बोरमाळेचे काही मणी, एक पिचलेली कुडी, आणि ती पाटली. भावंडे तीन, पाटली एक. वडोदऱ्याच्या भावाच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. जाड एकीच्या दोन नाजूक पाटल्या कराव्यात, म्हणजे आजीची मोडलेली जोडी पणतीच्या हातात पुन्हा जुळेल, असे त्याचे म्हणणे. विचार वाईट नव्हता. पण नागपूरची धाकटी बहीण फोनवर एवढेच म्हणाली, "ताई, आजीला एकदा घाटावर नेलं ना आपण? पुन्हा कशाला?"

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. वारशाच्या वस्तूवरून भांडणे होतात ती मोलापायी, असा सर्वसाधारण समज आहे. खरे म्हणजे मोलाची वाटणी सोपी असते, तराजूने भागते. वाटता येत नाही ती एखाद्या हाताची आठवण; आणि ती प्रत्येकाच्या मनात वेगळ्या वजनाची असते. धाकटीला लहानपणी ताप आला की आजी तिच्या कपाळावर हात ठेवी आणि पाटलीचा गार काठ भुवईला लागे. थोरलीला असे काही आठवत नव्हते. दीड महिना असाच गेला. शेवटी धाकटीने होकार दिला तो एका अटीवर: नव्या पाटल्यांवरचे नक्षीकाम जुन्यासारखेच हवे आणि आजीच्या सोन्याचा एक गुंजही बाहेर जाता कामा नये. गुंज हा शब्दही तिने आजीचाच वापरला. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आजीने दोघींना परवचासारखे पाठ करून घेतले होते.

पहिल्यांदा ती एका मोठ्या, झगमगीत दुकानात गेली. तेथील तरुणाने पाटली किरणांच्या यंत्रात ठेवली आणि क्षणार्धात पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला: शेकडा 58. ती संतापली. 22 कॅरेटचे सोने शेकडा साडेएक्याण्णवाच्या वर भरायला हवे, एवढे तिला ठाऊक होते. जुन्या दागिन्यावर छाप नाही, मालकीण एकटी बाई आहे, हे पाहून लुबाडण्याचा हा डाव आहे, अशी तिची खात्री झाली. 2021 पासून हॉलमार्कची सक्ती आली, 2023 पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांची खूण आली. त्यापूर्वीचे सोने म्हणजे या लोकांच्या लेखी अनाथच, असे काहीसे मनात म्हणत ती पायऱ्या उतरली. तो तरुण खरे बोलत होता, आणि त्याची मनातल्या मनात क्षमा मागायला तिला पुढे बरेच दिवस लागले.

चौकाच्या मागच्या गल्लीत, सराफ्याच्या एका अरुंद जिन्यावर, आईच्या विश्वासातला एक गलाईवाला होता. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्याची हकिगत महाराष्ट्रातही फारशी कोणाला माहीत नसते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातील माण, खटाव या अवर्षणाच्या मुलखातील माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि भारतभरच्या सराफपेठांत मुशी घेऊन बसली. केरळपासून काश्मीरपर्यंत कोठेही सराफ्यात शिरावे आणि भट्टीजवळ माणदेशी मराठी कानी पडावी, हे एक नवलच आहे. गावी घर बांधायचे, यात्रेला जायचे, आणि आयुष्य परमुलखातील धुरात काढायचे, अशी त्यांची रीत. आई या माणसाकडे कामापेक्षा बोलण्यासाठीच अधिक येत असावी.

त्याने पाटली हातावर तोलली आणि यंत्राच्या वाटेला न जाता काळा कसोटीचा दगड काढला. पाटलीची एक रेघ ओढली, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याच्या दोन रेघा ओढल्या आणि तिन्हींवरून तेजाबाची काडी फिरवली. बाविसाची रेघ तशीच राहिली. पाटलीची फिकी पडत गेली.

"ताई, ह्यात तांबं लई हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "चौदाचं हाय हे."

"दादा, ही 1938 सालची आहे. तेव्हा चौदाचं सोनं कोण घालत होतं?"

"त्येच म्हणतोय मी. तवा कुनी घालत न्हवतं."

पुढचे त्याला सांगावे लागले नाही. तिचे तिलाच उमगले. जानेवारी 1963 मध्ये, युद्धानंतरच्या परकीय चलनाच्या ओढाताणीत, भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण आले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. 14 कॅरेटपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. लोकांचे सोन्यावरचे प्रेम तांब्याची भेसळ करून उणे करता येईल, अशी काहीशी सरकारची कल्पना असावी. प्रेम उणे झाले नाही. हजारो सोनारांची ऐरण मात्र थंड पडली. कसाचे ते बंधन 1966 मध्ये उठले, 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा त्यानंतरही 1990 पर्यंत राहिला. चोरून बाविसाचे दागिने घडवणारे त्या काळात पुष्कळ होते. पण आजोबा शाळामास्तर होते, आणि नियम म्हणजे नियम, हे त्यांचे ब्रीद साऱ्या ब्रह्माघाटाला ठाऊक होते. तेव्हा चौदाची पाटली त्याच दोन-तीन वर्षांतली. वाईची ती नव्हेच. आणि 1964 साली आत्याचे लग्न झाले होते.

जिन्यावरच बसून तिने ग्वाल्हेरला फोन लावला. आत्याने आता ऐंशी ओलांडली आहे, ऐकू कमी येते. निधीला दिलेल्या पाटलीचे विचारताच आत्या हसली. "पाटली कुठली गं? निधीला बाबांची अंगठी दिली आईनं. मी बरोबर होते." मग थोडे थांबून, "माझे बिलवर होते ना, चौदाचे. सासरी त्यावरून काय काय ऐकून घेतलंय मी! ते सोनं आईनं कुठून आणलं, ते नाही मी विचारलं. तेव्हा असं विचारत नसत. पण आज काय म्हणून?"

"सहज," ती म्हणाली. बिलवरांचे पुढे काय झाले, तेही आत्याने आपण होऊनच सांगितले: 1985 च्या सुमारास मोडले, सुनेसाठी गोठ केले.

म्हणजे दोन्ही पाटल्या गेल्या होत्या. त्यांतून लेकीचे बिलवर झाले, आणि उरल्यासुरल्यातून उजव्या हातासाठी एक पाटली, वजनाला तेवढीच, कसाला हलकी. हात अगदी रिकामा दिसू नये म्हणून. देशाला दिल्याची कथा आजीने स्वतः रचली, की कोणी विचारल्यावर ती नुसती गप्प राहिली आणि कथा आपोआप जमत गेली, हे आता कळण्याजोगे नाही. तिच्या स्वभावाकडे पाहता दुसरेच खरे असावे.

पाटली मुशीत गेली. टंकणखार पडला, निळ्या ज्योतीखाली ती आधी काळवंडली, मग कडेने खचली आणि एकाएकी गोल होऊन थरथरू लागली. गलाईवाल्याने तिच्यात चांदी मिसळली. सोने चौथ्या हिश्शाइतके उरले की तेजाब बाकीचे सारे काढून नेते, हे त्याने जाता जाता सांगितले. तेजाबात तांबे विरघळले आणि पाणी हिरवेनिळे झाले. तळाशी बसला तो विटकरी रंगाचा गाळ. सोने म्हणून कोणी ओळखले नसते. तो धुऊन पुन्हा आटवल्यावर पिवळी गोळी झाली. पाटली 23 ग्रॅम 300 मिलीग्रॅमची होती. गोळी भरली साडेतेरा ग्रॅम. तिची पाटली खरोखरच बाविसाची असती, तर एकवीस ग्रॅमच्या वर भरायला हवी होती.

एवढ्यात एकेक तोळ्याच्या दोन पाटल्या होत नाहीत. तिने मनाशी हिशेब केला, मग डाव्या हातातील एक बांगडी साबण न लावता, जरा ओढूनच काढली आणि तराजूत ठेवली. साडेआठ ग्रॅम. गलाईवाल्याने बांगडीवरची खूण भिंगातून वाचली, बाविसाची होती. त्याने तिच्याकडे पाहिले.

"एकत्रच गाळू?"

"एकत्रच."

पावतीवर त्याने एकच वजन लिहिले, तिने सांगितले तसे.

रात्री नागपूरहून फोन आला. भट्टीपाशी शेवटपर्यंत थांबली होतीस ना, सोने डोळ्यांसमोरच गाळले ना, असे धाकटीने दोनदा विचारले. मग म्हणाली, "आणि वजन? वजन भरलं का गं पुरतं?"

"भरलं," ताई म्हणाली.