कोपरा नसलेलं घर

मुलांनो, कोपराच नसलेलं घर पाहिलंय का तुम्ही? गुजरातमध्ये कच्छच्या बन्नी भागात अशी घरं आहेत. मातीची गोल भिंत आणि वर गवताचं, टोपीसारखं छप्पर. याला म्हणतात ‘भुंगा’! बाहेर ऊन मी मी म्हणत असतं; पण आत शिरलात की गार वाटतं. जाड मातीची भिंत उन्हाला सहज आत येऊ देत नाही.

मग आपण सगळेच असं घर का बांधत नाही? थांबा! गोल भिंतीला कपाट टेकवून बघा बरं. मागे फट राहणारच. शेजारी खोली जोडणंही अवघड; स्वयंपाकासाठी, पाहुण्यांसाठी वेगळा भुंगा बांधायचा. शिवाय भिंती सारवायच्या, छप्पर शाकारायचं आणि आगीला जपायचं.

पण २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, कितीतरी पक्की घरं कोसळली. नीट बांधलेले अनेक भुंगे मात्र उभे राहिले. भूकंपाचा हिसका चौकोनी घराच्या कोपऱ्यांना जास्त बसतो. गोल भिंतीत तो सगळीकडे वाटला जातो. छप्परही हलकं.

आता तुम्हीच सांगा, कपाटामागच्या फटीचं एवढं काय मोठं?