ते खरंच चोर असते तर?

‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ हा 1943 सालचा हॉलिवूडचा सिनेमा आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. वेस्टर्न म्हटलं की आपल्याला क्लिंट ईस्टवूड आठवतो, फार तर जॉन वेन. विल्यम वेलमन यांनी दिग्दर्शित केलेला हा कृष्णधवल सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आहे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन होतं, पण बक्षीस ‘कॅसाब्लांका’ने नेलं. मला तो इतका लागला की मागच्या वर्षभरात जो भेटेल त्याला मी तो पाहायला लावलाय. प्रत्येकाचं मत वेगळं निघालं. त्या मतांबद्दलच आज लिहिते आहे.

आधी गोष्ट सांगते. शेवटही सांगावा लागेल, त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

साल 1885, अमेरिकेतलं नेवाडा. एका लहानशा गावात बातमी येते की किंकेड नावाच्या गुरंवाल्याला कुणीतरी गोळी घातली आणि त्याची गुरं पळवली. शेरीफ गावात नाही. गुत्त्यात बसलेले लोक घोडे काढतात. डेव्हिस नावाचा म्हातारा दुकानदार विनवतो की शेरीफला येऊ द्या. कुणी ऐकत नाही. लष्करी गणवेश चढवून एक मेजर पुढारी होतो. रात्री डोंगरात तीन माणसं झोपलेली सापडतात. त्यांच्याकडे किंकेडची गुरं आहेत, पण खरेदीची पावती नाही. ते म्हणतात, आम्हाला कोर्टात न्या. मत घेतलं जातं. फाशी न देता तिघांना कोर्टात न्यायचं, या बाजूला फक्त सात जण उभे राहतात. सूर्य उगवताना तिघांना फाशी दिली जाते. परत येताना वाटेत शेरीफ भेटतो. किंकेड जिवंत आहे. त्याला गोळी घालणारेही पकडले गेलेत.

माझ्या भावाचं पहिलं वाक्य होतं, “आपा, इसमें हीरोच नहीं है.” खरं आहे. हेन्री फोंडा आहे, पण त्याचा गिल हा साधा, चिडका काऊबॉय आहे. तो टोळीबरोबर जातो, कारण न गेल्यास गावकरी त्याच्यावरच संशय घेतील अशी भीती त्याला आहे. सातांमध्ये तोही उभा राहतो, पण कुणाला वाचवू शकत नाही. भाऊ नाराज झाला. मला मात्र हा माणूस ओळखीचा वाटला. गर्दीत आपल्यासारखी माणसं जातात ती अशीच, संतापापेक्षा धाकानं जास्त.

आमच्या चित्रकलेच्या सरांना तो डोंगर खटकला. “स्टुडिओतला आहे, कळतंय,” म्हणाले. कळतंच. सिनेमाचा बराच भाग स्टुडिओतच चित्रित झालाय. पण त्या कोंदट अंधारात माणसांचे चेहरे एवढे जवळ येतात की मला मोकळ्या आभाळाची उणीव जाणवली नाही.

शाळेतल्या एका बाईंना शेवटचं पत्र प्रवचनासारखं वाटलं. फाशी गेलेल्या मार्टिननं बायकोला लिहिलेलं पत्र गिल गुत्त्यात सगळ्यांना वाचून दाखवतो. त्यात कायदा आणि विवेक यांवरचा मजकूर जरा जास्तच नीटनेटका आहे, हे मलाही मान्य. पण ते वाचलं जात असताना त्याच्या मित्राच्या टोपीच्या कडेमागे गिलचे डोळे झाकले जातात. बोलणारा दिसतो आणि त्याचे डोळे दिसत नाहीत. बाईंनी तेवढ्यासाठी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

शेजारच्या निवृत्त हवालदार काकांनी नेमकं त्यांच्या खात्यातलं टिपलं. शेरीफच्या अनुपस्थितीत त्याचा दुय्यम टोळीला शपथ देतो. न्यायाधीश सांगतात, तुला तो अधिकारच नाही. तरी शपथ होते. “कागद झाला की माणसाला धीर येतो,” काका म्हणाले. “बेकायदा असला तरी.”

हेन्री फोंडाला ही गोष्ट जवळची होती. 28 सप्टेंबर 1919 रोजी ओमाहा शहरात विल ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाला जमावानं कोर्टाच्या इमारतीतून ओढून काढून मारलं. चौदा वर्षांच्या फोंडानं ते वडिलांच्या छापखान्याच्या खिडकीतून पाहिलं होतं. सिनेमातही स्पार्क्स नावाचा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आहे. त्याच्या भावाला असंच मारलेलं त्यानं लहानपणी पाहिलंय. सातांमध्ये तो असणारच.

बहुतेक सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. “बिचारे निरपराध होते.” प्रत्येकानं हळहळून हेच म्हटलं. अकरावीतली माझी भाची तेवढी गप्प होती. मग म्हणाली, “खाला, वो सच्ची में चोर होते तो चलता क्या?”

मी शिक्षिका आहे. मुलांच्या प्रश्नांची सवय आहे. पण हा प्रश्न मी अजून बरोबर घेऊन फिरते आहे.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठेचून मारलं. आपण सगळे म्हणालो, ते मुलं पळवणारे नव्हते. 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. आपण म्हणालो, ते चोर नव्हते. 2015 साली दादरीजवळच्या गावात एका मुसलमान माणसाला जमावानं मारलं आणि त्याच्या घरातलं मांस तपासायला गेलं. मग कितीतरी दिवस देशात चर्चा कशाची, तर मांस कोणतं होतं याची. आमच्या घरातही तीच चर्चा होती. मटणच होतं, असं आम्ही पोटतिडकीनं सांगत होतो.

ही सगळी वाक्यं दुःखातून आलेली आहेत. पण त्यांत एक फट राहते. ‘नव्हते’ म्हणताना आपण नकळत मान्य करतो की असते तर गोष्ट वेगळी होती. मग पुढच्या जमावाला एवढंच वाटतं की आपली माहिती पक्की आहे.

म्हातारा डेव्हिस सिनेमात हे ओळखून आहे. तिघं निर्दोष आहेत याची खात्री होण्याच्या कितीतरी आधी, गावातच, तो टोळीला अडवत असतो. चोर सापडले तरी त्यांना कोर्टात न्यायचं, एवढंच त्याचं मागणं. सिनेमानं शेवटी किंकेडला जिवंत ठेवून आपल्याला सोपं रडू दिलंय, अशी माझी थोडी तक्रार आहे. भाचीला तेच बोचलं असावं.

म्हणून हा सिनेमा पाहाल तेव्हा एक करा. तिघं खरोखर चोर आणि खुनी आहेत असं धरून चला. मतदानाचा प्रसंग आला की सिनेमा थांबवा आणि आपण कुठं उभे राहिलो असतो ते घरातल्यांना विचारा. लहानांना आधी बोलू द्या.