गंजातला लेहरा

गोंदियात एका राईस मिलच्या मागच्या गल्लीत आठवीतला एक मुलगा राहतो. संध्याकाळी साडेसहाला त्याने तबल्यावर हात ठेवला, की शेजारच्या घरातल्या टीव्हीचा आवाज वाढतो. धा धा ते टे, धा धा ती ना. ता ता ते टे, धा धा धी ना. दिल्ली घराण्याचा हा कायदा तबला शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या बोटांवरून कधी ना कधी गेलेला असतो. शिकणाऱ्याचं सोडा, तो घरातल्यांनाही पाठ होतो. या मुलाच्या आईने आयुष्यात तबल्याला हात लावलेला नाही, पण भाताचा गंज उतरवता उतरवता ती सांगते, ‘ते टे’ला बोट घसरलं म्हणून. ती सांगते ते बहुतेक वेळा खरंच असतं.

तीन महिने झाले, मुलगा कंटाळला. वाजवणं सोडावं असं त्याला वाटत नव्हतं. कार्यक्रमात तबला वाजताना जे होतं, ते घरी वाजवताना होत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि ते बरोबरच आहे. सतार किंवा पेटी शिकणाऱ्याला चार सुरांत एक सूर तरी गोड लागतो. तबला, ढोलकी, ढोलक, मृदंग शिकणाऱ्याच्या वाट्याला सुरुवातीची दोन वर्षं नुसते बोल येतात. ही वाद्यं जन्मली साथीसाठी आणि शिकायची मात्र एकट्याने. तो एकटेपणा कसा घालवायचा, हा प्रश्न गोंदियातल्या या गल्लीत आहे तसाच जगातल्या कुठल्याही ड्रम शिकणाऱ्या पोराच्या खोलीत आहे.

मुलाने पहिला उपाय केला तो सगळेच करतात. मोबाइलवर सिनेमाचं गाणं लावलं आणि त्याच्यावर केरवा धरला. दोन दिवस फार मजा आली. तिसऱ्या दिवशी गाणं बंद पडलं, हात मात्र चालू राहिले, आणि जे ऐकू आलं ते ऐकून तो स्वतःच दचकला. कारण साधं आहे. त्या गाण्यात आधीच एक तयारीचा वादक बसलेला असतो. शिकाऊ त्याच्या सावलीत वाजवतो, आणि स्वतःच्या चुका त्या पक्क्या हातांच्या आवाजाखाली झाकून जातात. शिवाय गाणं फार गमतीचं असतं. मुखडा गेला, व्हायोलिनचा तुकडा आला, अंतरा आला, की कान तिकडे आणि हात इकडे. सरावाला इतका बोलका सोबती परवडत नाही.

मग कुणीतरी मेट्रोनोम सुचवला. योहान मेल्झेलने १८१५ साली पेटंट घेतलेलं हे लंबकाचं यंत्र आता फोनमध्ये फुकट मिळतं. टिक, टिक, टिक. लय धरून ठेवायला त्याच्याइतका प्रामाणिक कुणी नाही. पण त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी आणि तेरावी टाळीची, नववी खालीची. नुसत्या टिकटिकीला यातलं काही ठाऊक नसतं. रस्त्यावर मैलाचे दगड सारख्या अंतरावर आहेत, पण एकावरही गावाचं नाव लिहिलेलं नाही, तशी ती गत. मुलगा ओठ हलवत मात्रा मोजायचा आणि अकरावीच्या आसपास कुठेतरी हरवायचा.

त्याला शिकवणाऱ्या सरांनी अखेर पेटी पुढे ओढली आणि लेहरा धरला. सोळा मात्रांत मावणारी एक छोटीशी धून. ती संपली की पुन्हा तीच, पुन्हा तीच. काही जण तिला नगमा म्हणतात. चंद्रकंसातला लेहरा तर इतका वापरात आहे, की तो राग कधी गाऊन न ऐकलेल्यांच्याही कानात बसलेला असतो. लेहऱ्यात सम, म्हणजे पहिली मात्रा, सुरातच दिसते. धून ज्या सुरावर टेकते ती सम. मधे ती जिथे हलकेच वळते, तिथे खाली. बोटांवर मोजायचं कामच उरत नाही, कान आपोआप जागा ओळखतात.

“काहून मोजून राहिला बाबू? आयक ना,” सर एवढंच म्हणाले.

तबल्याच्या एकल वादनात पेटीवाल्याचं काम पाहण्यासारखं असतं. अहमदजान थिरकवाँ हे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ करणारे तबलजी. मैफलीत ते स्वतंत्र वादनाला बसत, तेव्हा पेशकार, कायदे, रेले, गती यांचा सगळा डोलारा या एका ओळीच्या धुनेवर उभा राहायचा. आप्पा जळगावकरांसारखा पेटीवर हुकमत असलेला कलावंत तबल्याच्या एकल वादनाला बसला, की त्यालाही तीच ओळ धरून ठेवावी लागे. मनात आणलं तर त्याने त्या ओळीची शंभर रूपं केली असती. पण लेहरा धरणाऱ्याने गंमत करायची नसते. तो जितका नेमका, जितका एकसुरी, तितका तबला मोकळा. सराव रंगतदार व्हावा म्हणून आपण रंगतदार सोबती शोधत फिरतो, इथे तर उलटाच हिशेब आहे. आपल्यापेक्षा चिवटपणे तेच ते करणारा कुणी शेजारी बसला, की आपलं तेच ते करणं अचानक वेगळं ऐकू यायला लागतं.

पण सर रोज घरी येणार नाहीत. बंगळूरच्या राडेल कंपनीने ‘सुनादमाला’ हे लेहरा वाजवणारं यंत्र काढलं, तेव्हा हाच प्रश्न होता. आता तेही काम फोन करतो. राग निवडा, ताल निवडा, लय सांगा. मुलाने मिनिटाला ६० मात्रांची लय लावली. म्हणजे त्रितालाचं एक आवर्तन सोळा सेकंदांचं. या लयीत दहा मिनिटांचा गजर लावून बसलं, तर साडेसदतीस आवर्तनं होतात आणि गजर होतो तेव्हा पुढची मात्रा नववी, म्हणजे बरोबर खाली असते. समेवर यायला आणखी अर्धं आवर्तन हवं. मुलगा गजर ऐकूनही ती आठ सेकंदं वाजवत राहतो. आईने जेवायला हाक मारली तरी.

फोनचा आवाज तबल्यापुढे टिकत नव्हता. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच होता. रिकामा स्टीलचा गंज. त्यात फोन उभा ठेवला, की सूर जरा पत्र्यासारखा लागतो, पण दुप्पट मोठा येतो. दुसरी अडचण सुराची. तबला काळी एकला लावलेला आणि लेहरा भलत्याच पट्टीत लावला, तर तास दीड तास दातांखाली खडा आल्यासारखं होतं. आणि हा तर धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत हवेत इतका ओलावा, की चाट सैल पडते, सकाळी लावलेला तबला संध्याकाळपर्यंत उतरतो. मग हातोडी घेऊन गठ्ठे ठोका, नाही तर सरळ लेहराच अर्धा सूर खाली आणा. मुलगा दुसरं करतो. आळसाने करतो, पण त्यातून पट्टी ओळखायला शिकला.

हे गाव तसं ठेक्यांनी भरलेलं आहे. राईस मिलच्या जुन्या सपाट पट्ट्याला जोड असतो, आणि प्रत्येक फेरीत तो जोड चाकावरून जाताना ‘टप’ असा वाजतो. धान जास्त पडलं की फेरी किंचित मंदावते. वादकाचा हात दमल्यावर मंदावतो, अगदी तशी. गोंदिया जंक्शनवरून मुंबई–हावडा मार्गाच्या गाड्या रात्रंदिवस जातात. तेरा मीटरच्या जुन्या रुळांवरून ताशी ६० किलोमीटरने गाडी गेली, तर एक चाक मिनिटाला साधारण ७७ सांधे ओलांडेल. छान मध्य लय. आता रूळ लांबच लांब जोडून टाकलेत आणि तो खटका बहुतेक ठिकाणी गेला. प्रवाशांची सोय झाली. खिडकीच्या गजावर बोटं वाजवत जाणाऱ्यांचं थोडं नुकसान झालं, पण त्यांची तक्रार कोण घेणार?

इथल्या झाडीपट्टीत ही सोबत पेटीतच शोधावी लागत नाही. दिवाळी झाली, धान निघू लागलं, की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार, खडी गंमत नाही तर नाटक. खडी गंमतीत सगळे उभे. ढोलकी कमरेला बांधलेली, शाहीर पुढे, मागे टाळवाला आणि चोनका वाजवणारा. बघणाऱ्यांची नजर ढोलकीवर, नाच्यावर, सोंगाड्यावर. टाळवाल्याकडे कुणी पाहत नाही. तो रात्रभर एकच काम करतो. ढोलकीवाला लय चढवतो, तोडा टाकतो, मधेच गप्प राहतो, आणि परत येतो तो टाळावरच येतो. पेटी नाही, चंद्रकंस नाही, पण लेहरा आहेच. त्या वाटेनेच कित्येक पोरं ढोलकी शिकली. आधी टाळ धरायचा, मग दोन वर्षांनी ढोलकीवाला चहाला गेला की त्याच्या जागी उभं राहायचं. या भागात शिकवणी वर्ग नव्हता असं म्हणतात, ते काही खरं नाही. वर्ग होता, फक्त तो रात्री दहाला सुरू व्हायचा आणि उजाडताना सुटायचा.

आणि खंजिरी तर आपली सोबत अंगावरच घेऊन येते. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनामुळे ती विदर्भात घरोघरी ओळखीची झाली. एका हाताची बोटं चामड्यावर, कडेला लहान झांजा, आणि गाणारा तोच. थाप चुकली तर झांज चुकते, झांज चुकली तर शब्द अडखळतो. स्वतःच स्वतःचा साथीदार होणं सगळ्यात कठीण, असं वाजवणारे सांगतात. नवशिक्याने तरीही करून पाहावं. तोंडाने कायदा म्हणत वाजवला, की ‘ते टे’ला बोट का घसरतं ते जिभेला आधी कळतं.

गल्लीच्या टोकाला हनुमानाचं देऊळ आहे. शनिवारी रात्री तिथे भजन असतं. पावसाळ्यात एका शनिवारी मुलगा तबल्याची पिशवी घेऊनच गेला. फोनवरचा लेहरा पक्का झाला होता, भजनी ठेका येत होता, आठ मात्रांत घोळ होत नव्हता. पेटीवर बसलेल्या आबाजींनी पिशवीकडे पाहिलं, मान हलवली आणि त्याच्या हातात टाळ दिला.

पहिल्या अभंगाला तो जरा रुसलेलाच होता. दुसऱ्याला लय चढली आणि त्याच्या लक्षात आलं, की ढोलकवाले काका मधे मधे सरळ ठेका सोडून कुठेतरी भटकून येतात. जाताना त्याच्याकडे पाहत नाहीत. परतताना मात्र एकदा मान वळवतात. त्या क्षणी त्याचा टाळ जागेवर नसेल तर काकांनाही जागा सापडणार नाही, हे कळल्यावर त्याने जांभई दाबली आणि सरळ बसला. तिसऱ्या अभंगात वीज गेली. भजन थांबलं नाही. अंधारात पेटी दिसत नव्हती, ढोलक दिसत नव्हता, बाहेर पत्र्यावर पाऊस आपल्याच लयीत पडत होता. मिलचा पट्टाही थांबलेला. आबाजींचा आवाज आला, “टाळ सोडू नोको रे.”

घरी आल्यावर आईने विचारलं, वाजवलंस का? तो म्हणाला, नाही. टाळाच्या दोरीने तर्जनीवर लाल वळ उठला होता, तो त्याने दिव्याखाली धरून पाहिला आणि भाताच्या गंजातून फोन काढून घेतला.